मैदानाच्या कडेला

फुटबॉलविषयीचे माझे ज्ञान प्रेक्षकाच्या ज्ञानापलीकडे कधीच गेले नव्हते, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. एम. ए. साठी कोल्हापुरास होतो तेव्हा शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचे सामने पाहण्यात मी जेवढे तास घालविले तेवढे शेक्सपिअरवर घालविले असते, तर परीक्षेत माझा वर्ग एखादी पायरी वर चढला असता. कोल्हापुरात फुटबॉल हा नुसता खेळ नव्हे. तो पेठेचा अभिमान आहे. तेथील पायऱ्यांवर बसून शेजारच्या अनोळखी मनुष्याशी पंचाच्या दृष्टिदोषाविषयी एकमत होण्यात जो आनंद आहे तो मी पुष्कळ उपभोगला. पण चेंडूला पाय लावण्याचा प्रसंग वसतिगृहाच्या अंगणाबाहेर कधी आला नाही. तेथेही मला गोलात उभे करीत, कारण माझ्या धावण्याविषयी कोणाचाच गैरसमज नव्हता.

ही हकीकत मी अध्यापकांच्या खोलीत चहाबरोबर अनेकदा सांगितली असावी. २०२२ च्या पावसाळ्यात तिचे फळ मला मिळाले. आमच्या महाविद्यालयात शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकाची जागा त्या वेळी रिकामी होती, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचे परिपत्रक येऊन पडले होते, आणि यंदा मुलींचा फुटबॉलचा संघ पाठवावा असे वरिष्ठांच्या मनात आले. "तुम्ही कोल्हापूरचे ना?" एवढाच प्रश्न मला विचारण्यात आला. मी कोल्हापूरचा नव्हतो. दोन वर्षे तेथे राहिलो होतो इतकेच. परंतु ज्या गावी दुकानात फुटबॉल मागितला असता दुकानदार व्हॉलीबॉल पुढे करतो, त्या गावी एवढे नातेही पुरेसे ठरते.

हे गाव म्हणजे धाराशिव. त्या वेळी कागदोपत्री ते उस्मानाबाद होते. २०२३ साली सरकारने नाव बदलले. येथला खेळ म्हटला म्हणजे खो-खो, आणि तोही मुलींचा. चंद्रजित जाधव यांनी या गावी मुलींच्या खो-खोची जी मशागत केली तिचे पीक सर्व महाराष्ट्राने पाहिले आहे. सारिका काळे या त्यांच्याच शिष्या. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धांत भारताच्या महिला संघाने सुवर्णपदक मिळविले तेव्हा त्या कर्णधार होत्या, आणि २०२० साली त्यांस अर्जुन पुरस्कार मिळाला. पुढे २०२५ च्या जानेवारीत दिल्लीस पहिला खो-खो विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात नेपाळवर ७८-४० अशी मात करणाऱ्या भारतीय महिला संघातील अश्विनी शिंदे याही धाराशिवच्याच. अशा गावी मुलींनी मैदानावर यावे की नाही हा वाद उरलेला नाही, असे मी समजत होतो. तो अगदीच मिटलेला नाही हे मला पुढे कळले. पण ते ओघाने येईल.

माझ्या यादीवर चौदा नावे पडली. त्यांतील नऊ जणी शाळेत खो-खो खेळलेल्या, तीन जणी धावण्याच्या शर्यतीत भाग घेणाऱ्या, आणि दोघी आपापल्या मैत्रिणी आल्या म्हणून आलेल्या. चेंडू सोलापुराहून आणविले. नडगीवर बांधावयाचे पट्टेही तेथूनच. आमचे मैदान काळ्या मातीचे. पावसाळ्यात ते बुटांना सोडीत नाही आणि उन्हाळ्यात त्याला अशा भेगा पडतात की चेंडू सरळ जाईल अशी आशा धरणे हाच मुळी अज्ञानाचा भाग. सरावाची वेळ सकाळी साडेसहाची. ती मी ठरविली नाही, एस. टी.ने ठरविली, कारण संध्याकाळची शेवटची गाडी चुकली तर खेड्यांतील मुलींना घरी जाण्यास दुसरा मार्ग नव्हता.

आमच्यातील एक वयोवृद्ध सहकारी एके दिवशी मला म्हणाले, "खो-खो ठीक आहे हो, पण फुटबॉल हा मुलींच्या प्रकृतीला मानवणारा खेळ नाही." मला हा वाद आयताच हवा होता. मी त्यांस इंग्लंडची गोष्ट सांगितली. पहिल्या महायुद्धात प्रेस्टन येथील डिक-कर कारखान्यात दारूगोळा तयार करणाऱ्या मुलींनी फुटबॉलचा संघ काढला, आणि २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर त्यांचा सामना पाहण्यास ५३,००० लोक लोटले. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, तेथील फुटबॉल संघटनेने हा खेळ स्त्रियांस योग्य नाही असा निर्णय देऊन आपल्या क्लबांची मैदाने त्यांस बंद केली. ती सुमारे पन्नास वर्षे बंद राहिली. ब्राझीलमध्ये तर १९४१ पासून १९७९ पर्यंत सरकारचीच बंदी होती. सहकाऱ्यांनी सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "म्हणजे प्रकृतीला मानवत नव्हता म्हणून नव्हे, त्रेपन्न हजार लोक जमले म्हणून बंद केला." त्या दिवसापासून ते सरावाच्या वेळी मैदानाकडे एक फेरी मारू लागले. जमाव वाढविण्यास आपला हातभार, असे ते म्हणत.

पहिल्या दोनतीन आठवड्यांत मुली चेंडू थांबविण्यास शिकल्या, पायाच्या आतल्या बाजूने ढकलण्यास शिकल्या. वेग तर त्यांच्या अंगात होताच. वळण्याची चपळाई अशी की मला पाहूनच घेरी यावी. तथापि एक गोष्ट काही केल्या जमेना. जिच्या पायात चेंडू असे ती धावे. बाकीच्या दहा जणी जागच्या जागी उभ्या. मोकळ्या जागेत आपण होऊन कोणी जाईना. चेंडू आपल्याकडे यावा अशी प्रत्येकीची इच्छा असे, परंतु तो मागण्यास तोंड उघडणार कोण?

इंग्रजीच्या प्राध्यापकास एखादे रूपक सापडले की सत्यच सापडल्याचा भास होतो. मला ते सापडले. खो-खोमध्ये आठ जणी एका रांगेत, आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंडे करून बसतात. नववी पाठलाग करते. पाठीमागून 'खो' हा शब्द कानी पडल्याखेरीज बसलेलीने उठावयाचे नाही. माझ्या मनाने घेतले की आमच्या मुलींचे सारे आयुष्यच या रांगेत चालले आहे. बापाने खो दिला तर शाळा, भावाने दिला तर महाविद्यालय, नवऱ्याने दिला तर नोकरी. आणि फुटबॉल हा खो न मिळता उठण्याचा खेळ! हा सिद्धांत मी अध्यापकांच्या खोलीत दोन वेळा आणि घरी एक वेळ मांडला. घरी त्याचे फारसे स्वागत झाले नाही.

सिद्धांत असा हाती आल्यावर मी उपायास लागलो. कडेला उभा राहून मी प्रत्येकीस सांगू लागलो: तू डावीकडे जा, तू पुढे जा, तू मागे ये. घसा बसेपर्यंत ओरडत असे. शिस्तीचेही मी मनावर घेतले. उशिरा येणारीने मैदानास पाच फेऱ्या मारावयाच्या, असा नियम केला.

एका सकाळी या नियमात एक मुलगी सापडली. तिचे नाव मी येथे लिहीत नाही. वाशी तालुक्याच्या अंगाने असलेल्या एका खेड्यातून ती येई. संघातील सर्वांत चपळ तीच. आणि त्या आठवड्यात उशीर होण्याची तिची ही तिसरी खेप. मी काही न विचारता बोटाने मैदान दाखविले. ती काही न बोलता धावू लागली. चौथ्या फेरीत, गोलाच्या खांबापाशी, ती आधी थांबली, मग खाली बसली, आणि मग आडवी झाली. मी पोचलो तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते आणि दोघी मैत्रिणी तिचे हात चोळीत होत्या. त्यांतील एक माझ्याकडे न पाहता म्हणाली, "सर, तिनं काल रात्रीपासून काही खाल्लं नाही."

चार वाजता उठावयाचे, पाणी भरावयाचे, घरातल्यांच्या भाकरी थापावयाच्या आणि गाडी गाठावयाची. तीत आपली भाकरी खाण्यास जो वेळ लागतो तो बसत नव्हता. गाडी उशिरा आली की मुलगी उशिरा येई, आणि मुलगी उशिरा आली की मी तिला उपाशी पोटी धाववीत असे. सारिका काळे यांनी अर्जुन पुरस्कार मिळाल्यावर मुलाखतीत सांगितले होते की खेळण्याच्या दिवसांत सुमारे दहा वर्षे आपण एक वेळ जेवून काढली. ती मुलाखत मी वाचली होती. वर्गात सांगितलीही होती, जिद्दीचे उदाहरण म्हणून. त्या वाक्यात जिद्दीखेरीज भूकही आहे, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

सरकारी दवाखान्यात तिचे रक्त तपासले. हिमोग्लोबिन आठाच्या आत निघाले; स्त्रियांत ते बारा तरी असावे लागते. डॉक्टरांना त्याचे नवल वाटले नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकी ५७ टक्के रक्तक्षयी आढळल्या आहेत. मग आमच्या चौदा जणी निराळ्या कशा असतील? सर्वांचीच तपासणी करविली; नऊ जणींचा आकडा बाराच्या खाली आला. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या चहाबरोबर घ्यावयाच्या नाहीत, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्याव्या, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. रसायनशास्त्राच्या आमच्या एक विदुषी सहकारी आपण होऊन मदतीस आल्या. मुलींच्या महिन्यातील अडचणीच्या दिवसांची नोंद त्यांनी आपल्या वहीत ठेवावी आणि त्या दिवशी कोणास कमी धाववावयाचे एवढेच मला सांगावे, असे ठरले. पुरुष शिक्षकाला जे विचारता येत नाही ते त्याने विचारू नये हे ठीक. पण म्हणून ते नाहीच असे धरून चालणे ही सभ्यता नव्हे.

त्या मुलीची क्षमा मागावी असे माझ्या मनात पुष्कळदा आले. परंतु आमच्या पिढीच्या शिक्षकांस ती विद्या कोणी शिकविलेली नाही. दुसऱ्या दिवशी मी दोन किलो भाजलेले शेंगदाणे आणि गुळाची ढेप घेऊन मैदानावर गेलो. सरावाच्या आधी प्रत्येकीने मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा खाल्ल्याखेरीज चेंडूला पाय लावावयाचा नाही, असा नवा नियम केला; फेऱ्यांचा नियम न बोलता बुडविला. खर्चासाठी अध्यापकांच्या खोलीत एक डबा ठेवला. त्यात सर्वांत नियमाने पैसे टाकीत ते इंग्लंडच्या गोष्टीवाले सहकारीच.

भाद्रपद सरला आणि ती मुलगी चार दिवस आली नाही. तिच्या वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली होती. दसऱ्यानंतर नवराबायकोचा कोयता टोळीबरोबर ऊसतोडीस निघावयाचा होता. थोरल्या मुलीस बरोबर न्यावे, म्हणजे कोपीवर भाकरी होतील आणि धाकटा सांभाळला जाईल, असा बेत होता. मी रविवारी तिच्या गावी गेलो. वडील मनुष्य चांगला. मला बाजेवर बसविले, चहा दिला. म्हणाले, "सर, पोरीला शिकू नको म्हणत न्हाई मी. पण चेंडूपायी एवढं काय? लोक इचारतेत, पोरगी चड्डी घालून पळती म्हणं." ती लांब विजार घालून खेळते असे मी सांगितले आणि सांगताक्षणी मला माझीच लाज वाटली, कारण तिने आखूड विजार घातली असती तर माझ्यापाशी उत्तर काय होते? बोलणे तेथेच खुंटले.

कोपऱ्यात लसूण सोलीत बसलेली तिची आजी एवढा वेळ गप्प होती. ती एकदम म्हणाली, "गुरुजी, म्या बी लई पळाले. बहात्तरच्या दुष्काळात हंडा घिऊन टँकरमागं पळाले. ही रिकाम्या हातानं पळती, तर पळू द्या की. नातू राहील माज्याजवळ." वडिलांनी आईच्या तोंडाकडे पाहिले आणि मग माझ्याकडे. यापुढे जे ठरले त्यात माझे काहीच कर्तृत्व नव्हते. माझ्या रूपकात आजीला मुळी जागाच नव्हती.

ती परत आल्यावर थोडी बोलू लागली. त्या सुमारास मी व्यायामाचा नवा क्रम सुरू केला होता. धावताधावता एकाएकी वळताना किंवा उडी मारून उतरताना गुडघ्यातील बंध तुटण्याचा धोका मुलींना मुलांच्या दुपटीहून अधिक असतो, असे माझ्या वाचनात आले. नॉर्वेत तेरा ते सतरा वर्षांच्या खेळाडू मुलींवर केलेला एक प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाला आहे. खेळाआधी वीस मिनिटे तोल सांभाळण्याची, उड्यांची आणि मांड्या बळकट करण्याची ठरावीक कसरत करणाऱ्या मुलींच्या दुखापती त्यात सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या. उडी मारून उतरताना गुडघा आत झुकू द्यावयाचा नाही, हे त्यातले मुख्य. मी पुस्तकात पाहून सांगत होतो. खो-खोवाल्या मुली ते न पाहता करीत होत्या. खांबाला वळसा घालताना गुडघा कोठे ठेवावयाचा हे त्यांच्या पायांनाच ठाऊक होते.

कसरत संपल्यावर मी माझा रांगेचा सिद्धांत मुलींना ऐकविला. त्यांनी तो ऐकून घेतला. प्राध्यापकांचे ऐकून घेण्याची सवय त्यांस होतीच. मग तीच मुलगी म्हणाली, "सर, खो-खोत बसलेली मुलगी नुसती बसलेली नसते. बघत असते. मागच्या बाजूचं दिसत नाही, पण पावलं ऐकू येतात. खो मिळायच्या आत कुठं पळायचं ते ठरलेलं असतं."

"मग येथे का ठरत नाही?" मी विचारले.

ती थोडा वेळ थांबली. "इथं तुम्ही ओरडता ना, सर. तुम्ही ओरडलात की आम्ही तुमच्याकडं बघतो. तेवढ्यात चेंडू जातो."

यावर कोणी हसले नाही. मला मात्र आठवले की गेले दोन महिने त्या चौदाही जणींना पाठीमागून खो देणारा मनुष्य मैदानाच्या कडेला उभा होता, आणि तोच त्यांच्या आज्ञाधारकपणाची कारणे समाजात शोधीत होता.

गप्प बसणे मला किती कठीण गेले हे सांगून कोणास खरे वाटणार नाही. मी शिट्टी घरी ठेवू लागलो. ओरडण्याची हुक्की आली की शेंगदाणे तोंडात टाकी. त्यामुळे डब्यातील जमा खर्चास अपुरी पडू लागली. पहिले आठ दिवस खेळ पूर्वीपेक्षा वाईट झाला. मुली सवयीने माझ्याकडे पाहत, मी सवयीने तोंड उघडी आणि मिटून घेई. मग हळूहळू त्या एकमेकींकडे पाहू लागल्या. चेंडू मागण्यासाठी नावाने हाक मारणे त्यांस जड जाई. तेव्हा त्यांनी आपसांत एक युक्ती काढली. जी मोकळ्या जागेत पोचली ती "खो" म्हणे. फुटबॉलच्या नियमांत याला आडकाठी आहे काय, हे मी रात्री जागून पाहिले. प्रतिपक्षास फसविण्यासाठी शब्द वापरला तरच तो दोष होतो; आमच्या मुली तर खरे तेच सांगत होत्या.

ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक आपल्या देशात भरला. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे सामने झाले. भारताचा अमेरिकेशी झालेला सामना आमच्या मुलींनी एका मोबाइलभोवती गर्दी करून पाहिला. भारत ०-८ असा हरला. सर्वत्र शांतता पसरली असता आमची गोलरक्षक म्हणाली, "आपण अजून आठ खाल्ले नाहीत बरं का!"

आमच्या वाट्यास तीन आले. स्पर्धेतील आमचा एकच सामना झाला. पहिल्याच फेरीत आम्ही बाद झालो. समोरचा संघ शहरातला, सरावलेला, एकसारख्या बुटांचा. पहिला "खो" कानी पडताच त्यांच्या मुली हसल्या आणि पंचांनीही चमकून पाहिले. मध्यंतरापर्यंत दोन गोल झाले होते. दुसऱ्या डावात मात्र काही मिनिटे अशी आली की त्यांचे हसणे थांबले. आमच्या एकीने चेंडू अडविला. त्याच क्षणी ती वाशीकडची मुलगी, कोणी न सांगता, उजव्या कडेच्या मोकळ्या पट्ट्यात धावत सुटली होती. "खो" असा आवाज आला, चेंडू तिच्या पुढ्यात पडला, तिने दोघींना चकविले आणि मारलेला चेंडू आडव्या दांड्याला लागून बाहेर गेला. मी नकळत हात वर करून उभा राहिलो होतो. एकही मुलगी माझ्याकडे पाहत नव्हती. त्यानंतर त्यांनी तिसरा गोल केला.

पुढच्या वर्षी शारीरिक शिक्षणाची जागा भरली गेली आणि मी माझ्या शेक्सपिअरकडे परतलो. संघ आता जाणत्या हातांत आहे. मी सकाळी फिरावयास जातो तेव्हा मैदानावरून जाण्याचा रस्ता अंमळ लांबचा पडला तरी तोच धरतो. ती मुलगी बी. ए. झाली, पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे धावण्याचा सराव झाला की तासभर नव्या मुलींना चेंडू अडविण्यास शिकविते. गेल्या श्रावणात मी असाच कडेला उभा होतो. एक लहानखुरी मुलगी उशिरा, धापा टाकीत आली आणि ओशाळून उभी राहिली. तिने तिला उशिराचे कारण विचारले नाही.

"काय खाऊन आलीस?" तिने विचारले.

"चहा."

तिने पिशवीतील डबा काढून तिच्यापुढे धरला, आणि तिचे खाणे होईपर्यंत चेंडू आपल्या पायाखाली दाबून ठेवला.